सहलीपलीकडचं जंगल

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. यांपैकी पहिल्या पाचांना जायचं म्हणजे रजा काढा, गाडी ठरवा, मुक्कामाची सोय बघा, असा सगळा खटाटोप असतो. सहावं मात्र बोरिवली स्टेशनवर उतरून चालत जाता येईल इतकं जवळ आहे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात दोन तलाव, शंभरावर कोरीव लेणी, चितळ, सांबर, बिबटे, आणि भोवती मुंबई-ठाण्याची गजबजलेली वस्ती. असं भाग्य फार थोड्या शहरांना लाभलं आहे.

गेली पंचवीस वर्षं मी शाळकरी मुलांना घेऊन या जंगलात जातो आहे. सुरुवातीला मी प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारतो, ‘‘आधी कोण कोण येऊन गेलंय?’’ बरेच हात वर होतात. ‘‘मग काय पाहिलंत?’’ उत्तरं ठरलेली असतात. सिंहांची सफारी, होडीची सैर, आणि थोडी मोठी मुलं असली तर ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी. झाडाचं, पाखराचं, ओढ्याचं नाव क्वचितच कुणी घेतं. म्हणजे मुलं जंगलाच्या दारापर्यंत आली, आणि जंगल न पाहताच घरी गेली.

यात थोडा दोष शब्दाचाही आहे. ‘उद्यान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजं, घसरगुंडी आणि भेळवाला उभा राहतो. कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यान म्हणजे संरक्षणाची सर्वांत कडक पायरी. तिथे गुरं चारता येत नाहीत, शिकार करता येत नाही, परवानगीशिवाय आत पाऊलही टाकता येत नाही. मग ही परवानगी द्यायची कशासाठी? कायद्यात त्याची यादीच दिली आहे. त्या यादीत पहिलं कारण आहे वन्यजीवांचा अभ्यास. त्यानंतर छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, आणि पर्यटन त्याच्याही नंतर. आपण व्यवहारात हा क्रम नेमका उलटा केला आहे. शाळेची बस येते, मुलं मोजली जातात, सफारी होते, पुरीभाजीचे डबे उघडतात, पुन्हा मुलं मोजली जातात आणि बस परत फिरते. एका दिवसात दीडशे मुलं सांभाळायची म्हटल्यावर शिक्षक तरी आणखी काय करणार?

कुणी म्हणेल, आजकाल वाघ-सिंह टीव्हीवर दिसतात, मोबाइलवर दिसतात, आणि प्रत्यक्षात दिसणार नाहीत इतके स्पष्ट दिसतात. मग जंगलात जायचा आग्रह कशाला? माहितीपुरतं बोलायचं तर हे खरंच आहे. पण माहिती असणं वेगळं आणि ओळख असणं वेगळं. शेजारच्या घरात कोण राहतं हे पाटी वाचून कळतं. ओळख व्हायला मात्र जाणंयेणं लागतं.

डॉ. सालिम अली यांचंच उदाहरण घ्या. १८९६ चा त्यांचा जन्म. लहानपण मुंबईतल्या खेतवाडीत गेलं. हातात छऱ्याची बंदूक होती आणि चिमण्या टिपायचा नाद होता. एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था. तिथे मानद चिटणीस होते मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. बुजत बुजत आलेल्या त्या मुलाला त्यांनी चिमणीचं नाव सांगून वाटेला लावलं नाही. त्यांनी कपाटांचे खण उघडून एकामागून एक पक्ष्यांचे नमुने त्याच्यासमोर मांडले. पुढे हा मुलगा भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला. सगळी मुलं सालिम अली होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण प्रश्न घेऊन आलेल्या मुलासाठी खण उघडून दाखवणारं एक मोठं माणूस लागतं, एवढं यातून नक्की कळतं. राष्ट्रीय उद्यान म्हणजे असंच खणाखणांचं मोठं कपाट आहे. ते उघडायचं कसं, हा खरा प्रश्न.

पहिली गोष्ट म्हणजे गट लहान हवा. वीस मुलं पुष्कळ झाली. दुसरी गोष्ट, फार चालायचं नाही. मी मुलांना एका जागी बसवतो. प्रत्येकाला एक कोरा कागद. कागदाच्या मधोमध ठिपका काढायचा, तो ठिपका म्हणजे आपण. मग दहा मिनिटं एक शब्द न बोलता ऐकायचं. आवाज ज्या दिशेनं आला त्या दिशेला कागदावर खूण करायची. जवळचा असेल तर ठिपक्याच्या जवळ, लांबचा असेल तर लांब. पहिली दोन मिनिटं चुळबुळ होते, खुसखुस होते. नंतर मुलं शांत होतात. दहा मिनिटांनी कागद जमा केले की त्यांवर कोतवाल असतो, सातभाईंचा कलकलाट असतो, पानावरून सरपटत गेलेलं काहीतरी असतं, आणि एका कडेला हमखास महामार्गावरचा हॉर्न असतो. जंगल कुठे आहे आणि शहर कुठून आत येतंय, हे व्याख्यान न देता मुलांनी स्वतःच्या हातानं काढलेलं असतं.

दुसरा खेळ दोरीचा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी जमीन दोरीनं आखून घ्यायची आणि तेवढीच नीट पाहायची. पालापाचोळा, त्याखालची ओल, मुंग्या, गोगलगाय, बुरशी, कुणाची तरी लेंडी. जूनमध्ये पाहिलेला तोच चौकोन नोव्हेंबरात पुन्हा पाहायचा. जूनमध्ये जे सडत होतं त्यातून नोव्हेंबरात काय उगवलं, हे मुलांना दिसतं. ‘अन्नसाखळी’ हा शब्द पुस्तकात वाचून जेवढा कळत नाही तेवढा तो इथे गुडघ्यावर बसून कळतो.

तिसरा धडा पाण्याचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांना विचारावं, तुमच्या नळाला पाणी कुठून येतं? टाकीतून, असं उत्तर येतं. टाकीत कुठून येतं? तिथे गाडी अडते. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते याच डोंगरातून. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली. आज शहराला लागणारं बहुतेक पाणी तानसा, वैतरणा, भातसा या दूरच्या धरणांतून येतं आणि विहार-तुळशीचा वाटा लहान उरला आहे. तरी या तलावांच्या काठचं जंगल हेच त्यांचं गाळणं आहे, हे मुलांना तिथे उभं राहून पटतं. मग कान्हेरीला जायचं. तिथल्या लेण्यांजवळ खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढ्या आहेत आणि पावसाचं पाणी त्यांत आणून सोडणाऱ्या पन्हळी आहेत. चार महिने कोसळणारा पाऊस आठ महिने पुरवायचा कसा, हा मुंबईचा प्रश्न भिक्षूंनी त्या खडकात आपल्यापुरता सोडवला होता.

दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या याच डोंगरात उगम पावतात. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून पुढे जाते. दहिसर नदीच्या काठानं मुलांना आतून बाहेर चालत न्यावं. दर पाचशे पावलांवर थांबायचं आणि वहीत लिहायचं, पाण्याचा रंग, वास, मासे दिसतात का, प्लास्टिक किती. आत तळाचे गोटे दिसतात, बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरात नाकाला रुमाल लावावा लागतो. मुलं आपणहून विचारतात, ‘‘हीच ती नदी?’’ २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठचं शहर पाण्याखाली गेलं, ते या मुलांच्या जन्माआधीचं. पण नदीचा उगम, तिची अरुंद झालेली वाट आणि तिच्यात टाकलेला भराव क्रमानं पाहिलेल्या मुलाला तो पूर का आला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं एका दिवसात होणारं नाही. माझा सगळा आग्रह इथेच आहे. दहा जंगलं एकेकदा पाहण्यापेक्षा एक जंगल दहादा पाहिलेलं मुलांच्या अधिक उपयोगी पडतं. फेब्रुवारीत काटेसावर फुलते तेव्हा तिच्यावर पाखरांची झुंबड असते. मार्चमध्ये कुसुमाला लालभडक पालवी फुटते. पावसाळ्यात वाटेवर मोठमोठ्या कोळ्यांची जाळी ताणलेली दिसतात. एकाच वाटेनं तीन ऋतूंत गेलेल्या मुलाला ‘ऋतू’ म्हणजे काय ते कळतं, आणि ती वाट त्याची स्वतःची होते.

याच डोंगरांवर कारवी नावाचं झुडूप आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सगळी एकदम फुलते. उतारच्या उतार जांभळे होतात. मग बी धरतं आणि झुडूप मरून जातं. वाळलेली बोंडं पुढे ओलावा लागला की तडतडून फुटतात आणि नवी पिढी रुजते. बोरिवलीच्या जंगलात ती २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. २००८ मध्ये जी मुलगी दुसरीत असताना माझ्याबरोबर आली होती, ती २०१६ मध्ये कॉलेजच्या उंबरठ्यावर होती आणि २०२४ मध्ये नोकरी करत होती. तिन्ही वेळा ती आली. तिसऱ्या वेळी तिनंच पाच लहान मुलांना सोबत आणलं होतं. मी तिला पर्यावरणावर कधी भाषण दिलं नव्हतं. तिच्या आयुष्याचा हिशोब त्या फुलाशी जोडला गेला होता, एवढंच.

आता थोडं कठीण विषयाकडे वळतो, कारण हे शिक्षण म्हणजे हौसेमौजेचा कार्यक्रम नाही. या जंगलात बिबटे आहेत. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत उद्यान आणि आसपासच्या भागात किमान ३५ बिबटे नोंदवले गेले. २००२ ते २००४ या काळात इथे माणसांवर हल्ले झाले, त्यांत लहान मुलं दगावली. ‘पकडा आणि दूर सोडा’ ही तेव्हाची सार्वत्रिक मागणी होती. पण डॉ. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून उलटंच दिसलं. एका जागचे बिबटे उचलून दुसरीकडे सोडले की तिथले हल्ले वाढतात, कारण अनोळखी प्रदेशात सोडलेलं जनावर बिथरलेलं असतं. २०११ मध्ये बोरिवलीत वनखातं, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पिंजऱ्यांपेक्षा माणसांना माहिती देण्यावर त्याचा भर होता. हल्ले पुढे खूप कमी झाले, पण कायमचे थांबले असं मी म्हणणार नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये शेजारच्या आरे वसाहतीत हल्ले झालेच.

अशा वस्तीतल्या मुलांना घेऊन आम्ही त्यांच्याच वस्तीचा नकाशा काढतो. कचरा कुठे साचतो, भटकी कुत्री कुठे जमतात, दिवा कुठे नाही, अंधार पडल्यावर मुलं एकटी कुठे जातात. नकाशा पुरा झाला की मुलांच्याच लक्षात येतं, कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मग पुढच्या गोष्टी ती घरी जाऊन सांगतात. संध्याकाळनंतर लहान मुलाला एकटं सोडायचं नाही, घोळक्यानं आणि बोलत जायचं, बिबट्या दिसला तर त्याच्याभोवती गर्दी करायची नाही, त्याची निघून जायची वाट मोकळी ठेवायची. वनखात्याच्या फलकाकडे न बघणारा बाप मुलीचं ऐकतो. जंगलाशेजारी राहणाऱ्या मुलाला जंगलाची ओळख असणं, हा त्याच्या जिवाचा प्रश्न असतो.

आणि ही ओळख करून देणारे मोठे शिक्षक जंगलातच आहेत. उद्यानाच्या पाड्यांवर वारली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वर शेणामातीचं सारवण. वारली चित्रं काढली जातात ती अशाच भिंतींवर. त्यांचा वाघोबा हा देव आहे. वाघ-बिबट्याला भ्यायचं, पण त्याला शेजारी मानून राहायचं, ही समज त्या देवामागे आहे. पाड्यावरची आजी रानभाजी खुडून दाखवते तेव्हा ती कुठली खायची, किती खुडायची आणि किती मागे ठेवायची हे तिन्ही धडे एकदम होतात. शहरातल्या मुलांना हे गाइड म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून भेटले पाहिजेत आणि त्यांना त्याचं मानधनही मिळालं पाहिजे. गस्त घालणाऱ्या वनरक्षकांचंही तेच. पावलांचे ठसे वाचणारा माणूस कुठल्या बी.एड. कॉलेजात भेटणार?

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम केलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरत आहेत आणि मुलं दगड, पानं, बिया घेऊन मोजायला शिकत आहेत. मूल जिथे आहे तिथे शाळा, हा विचार त्या दोघींनी करून दाखवला.

विदर्भात हा प्रश्न दुसऱ्या टोकानं उभा राहतो. ताडोबा हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. तिथे मुंबई-पुण्याचे पर्यटक पैसे मोजून जिप्सीतून वाघ पाहायला जातात. जंगलाच्या कडेच्या गावातला मुलगा रस्त्याच्या बाजूला उभा राहून त्या गाड्या पाहतो. त्याची आई एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचायला जाते, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला जाते, आणि वाघाची भीती ती रोज सोबत घेऊन जाते. रानडुकरं त्यांच्या पिकात शिरतात. वाघ त्या घराला फक्त नुकसान म्हणून ठाऊक असतो. उद्याचा वनरक्षक, गाइड किंवा सरपंच याच मुलांमधून होणार, आणि जंगल राखायचं की नाही हेही बहुतांशी तीच ठरवणार. म्हणून तिथल्या व्यवस्थापनानं जवळच्या गावांतल्या शाळकरी मुलांना आत नेणारा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम सुरू केला, तो मला मोलाचा वाटतो. त्या नावातला ‘माझ्या’ हा शब्द मला फार आवडतो.

कागदावर आपल्याकडे कशाचीच उणीव नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करावं असं सांगितलं. २००१ पासून शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेना आली. पण विषय गुणपत्रिकेत शिरला आणि वर्गात कोंडला गेला. ‘पाण्याचे प्रदूषण’ या विषयावरचा तयार प्रकल्प आज शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळतो. ज्या मुलानं तो विकत घेतला, त्याच्या घरामागूनच नाला वाहत असतो.

तरी वाट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, यातले निदान चार दिवस एकाच जंगलाला, एकाच वाटेला द्या. पावसाळ्यात एकदा, हिवाळ्यात एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदा. राष्ट्रीय उद्यान लांब असेल तर गावची देवराई घ्या, तळं घ्या, नदीचा काठ घ्या. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन दिवसांच्या दरम्यानचा आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आयुष्यभर जंगलाची भाषा मराठीत आणणारे चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. त्या आठवड्यात हारतुऱ्यांचा कार्यक्रम करण्यापेक्षा मुलांना सकाळी सहा वाजता बाहेर काढा.

आणि पालकहो, शाळेची वाट पाहत बसू नका. सोमवार सोडून कुठल्याही सकाळी मुलाचा हात धरून निघा. बरोबर पाण्याची बाटली, एक वही, पेन्सिल. मोठा आवाज करणारं काही नको, प्राण्यांना घालायला बिस्किटं तर मुळीच नकोत. झाडाचं नाव ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा आणि मुलाला पान रेखाटून घ्यायला सांगा. नाव नंतर शोधता येतं. आज जे मूल दुसरीत आहे ते मोठं होईल तेव्हा, २०३२ साली, बोरिवलीच्या डोंगरावर कारवी पुन्हा फुललेली असेल. तोवर तिथे जायची वाट त्याच्या पायाखालची झाली पाहिजे.